आप्पांची बिडी आणि पाच वेळा भरलेला एकच रकाना

कुसळ

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा, वय ६६. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं, आता गावी असतात. रोजची दोन बंडलं बिडी. मी पुण्यात, आई त्यांच्याजवळ. गेल्या वर्षभरात आप्पांना बिडीबद्दल किती जणांनी विचारलं ते परवा आईशी बोलताना सहज मोजलं.

श्रावणात आशाताई फॉर्म भरायला आल्या: तंबाखू किंवा बिडी कधीच नाही, पूर्वी होती, की रोज? रोज. मग उपकेंद्रात बीपी-शुगर तपासली, तिथे परत तोच प्रश्न. दिवाळीनंतर खोकला हटेना म्हणून थुंकी तपासायला नेलं. क्षयरोग नाही निघाला, पण बिडीचं तिथेही लिहून घेतलं. त्यानंतर मोतीबिंदूच्या वेळी. आणि शेवटी छातीचे खाजगी डॉक्टर. त्यांनी सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) सांगितलं, इनहेलर दिला आणि चिठ्ठीवर ‘बिडी बंद’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

म्हणजे पाच ठिकाणी पाच जणांनी एकच रकाना भरला. पुढे काय? काही नाही. एका सरकारी दवाखान्यात ‘तंबाखू मुक्ती केंद्र’ असा ठसठशीत फलक होता. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत सलाईनचे खोके रचलेले.

आप्पा म्हणतात, “सगळे सोडा म्हणतात, कशी सोडायची ते एकानं सांगितलं नाही.” मला वाटलं बहाणा आहे. पण खरंच, कोणी सांगितलंय?

तर प्रश्न असा: आशाताई, उपकेंद्र, क्षयरोगवाले, डॉक्टर, तंबाखू सोडवणारी ती मोफत हेल्पलाइन, ही माणसं एकमेकांना कुठे जोडलेली आहेत का? कुणाला अनुभव असेल तर लिहा. ‘इच्छाशक्ती हवी’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते घरात रोज ऐकतोय.

---

खवचट_काका

इच्छाशक्ती हवी.

(गंमत केली. पण आमच्या आजोबांनी पंढरपूरला माळ घातली आणि त्या दिवसापासून चिलीम बंद. ना गोळी ना समुपदेशक. सरकार कशाला पाहिजे मध्ये?)

---

कुसळ

काका, आईने माळेचं दोनदा सुचवलं. आप्पा म्हणाले, “माळ घालून बिडी ओढली तर डबल पाप, त्यापेक्षा सिंगल बरं.”

---

चहा_सुट्टा_भूतपूर्व

आप्पा भारी आहेत.

काका, तुमच्या आजोबांचं नाकारत नाही, पण माळेत काय काय येतं ते बघा. सोडायची तारीख ठरलेली. सगळ्या गावाला माहीत. दर पंधरा दिवसांनी एकादशी, म्हणजे फडातल्या माणसांशी गाठ. कुणी टपरीवर दिसला की चार जण टोकणार. याला तुम्ही एकट्याची इच्छाशक्ती म्हणता? मला तर हा चांगला बांधलेला पाठपुरावा दिसतो. फक्त सरकारी नाही.

आता माझं. चौदा वर्षं सिगारेट, दिवसाला दहा-बारा. दोनदा आपलं आपण सोडली, दोन्ही वेळा मार्च एंडला परत धरली. तिसऱ्या वेळी पाकिटावर छापलेला नंबर लावला, १८००-११-२३५६. हा पाकिटांवर २०१८ पासून छापतात. मी दोन वर्षं तो खिशात घेऊन हिंडत होतो आणि कधी वाचला नव्हता, हे कबूल करायला लाज वाटते.

ही राष्ट्रीय क्विटलाइन. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पण एका दिल्लीतून सगळ्या देशाच्या भाषा कशा सांभाळणार? म्हणून नंतर बंगळूरचं निम्हान्स, गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि आपल्याकडे मुंबईचं टाटा मेमोरियल अशी आणखी तीन केंद्रं जोडली. त्यामुळे मराठीत बोलता येतं. माझ्याशी बोललेली मुलगी अगदी आपल्याकडची होती, ‘सुट्टा’ शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही.

तिने पहिल्या फोनवर ‘सोडा’ असं म्हटलंच नाही. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता? कोणती सिगारेट सोडणं सगळ्यात अवघड वाटतं? कोणाबरोबर ओढता? यातून आठवड्याच्या आतली एक तारीख ठरवली. त्यानंतरचे फोन तिकडून आले, मी केले नाहीत. माझ्या मते खरी मेख इथे आहे. घसरलेला माणूस स्वतःहून फोन करत नाही. लाजतो. समोरून फोन आला तर खोटं तरी बोलावं लागतं, आणि दोनदा खोटं बोलल्यावर तिसऱ्यांदा माणूस खरं बोलतो.

पाच वर्षं झाली.

---

उपकेंद्र_एक

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणजे कुसळताईंच्या यादीतली दुसरी व्यक्ती. त्यांच्या नाही, दुसऱ्या एका गावची. त्यामुळे थोडं आतलं लिहिते.

आशाताईंचा तो फॉर्म म्हणजे सीबॅक. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार, या सगळ्याला गुण आहेत. रोज तंबाखू किंवा बिडी असेल तर दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला आणायचं. म्हणजे फॉर्मचा हेतू चांगला आहे, तो माणसाला आमच्या दारापर्यंत आणतो.

आमच्याकडे आल्यावर काय होतं? बीपी वाढलेलं निघालं तर माझ्याकडे गोळी आहे. महिनाभराच्या गोळ्या देते, संपल्या की माणूस परत येतो. शुगरचं तेच. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर पुढे पाठवता येतं. बिडी ओढतो हे कळल्यावर माझ्या कपाटात त्याला द्यायला काय आहे? एक पत्रक. गोळी नाही म्हणून परत येण्याचं कारण नाही, आणि परत येणं नाही म्हणून पाठपुरावा नाही. तुमच्या ‘पुढे काय?’चं माझ्यापुरतं उत्तर हे.

कागदावर जोडणी आहे बरं का. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. त्यात जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष असतो, समुपदेशनाची तरतूद असते. क्षयरोग कार्यक्रमातही रुग्णाला तंबाखूबद्दल विचारून सोडायला मदत करा असं आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणचा समुपदेशक आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचा आप्पा यांच्यामध्ये एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी असते.

मी आता एक साधी गोष्ट करते. बीपीच्या वहीत समासात बिडीचा आकडा लिहिते. गोळ्या न्यायला आला की, “मागच्या महिन्यात वीस होत्या, आता किती?” बस. कोणी सांगितलं म्हणून नाही, असंच सुचलं. एक बाबा तर वहीत बघू द्या म्हणाले, शेजाऱ्याचा आकडा किती उतरला ते बघायला! (दाखवला नाही.)

---

संत्राबर्फी

+१, समासातला आकडा आवडला.

दातांची डॉक्टर आहे, नागपूरकडची. आमच्याकडे बिडीपेक्षा खर्रा. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. रुग्ण येतो तेव्हा त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, आणि वय विचारलं तर पंचवीस. २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. त्यामुळे नुसता ‘धूम्रपान सोडा’ असा फलक आपल्या राज्यात तंबाखूवाल्या सातातल्या सहा जणांशी बोलतच नाही. मिसरी लावणारी आजी तर स्वतःला तंबाखूवाली समजतही नाही.

कुसळताईंसाठी कामाचं: दंत महाविद्यालयांमध्ये तंबाखू मुक्ती केंद्र असावं असं भारतीय दंत परिषदेने २०१८ मध्ये ठरवलं. तुमच्या जवळ एखादं महाविद्यालय असेल तर चौकशी करा. बिडीवाल्यालाही घेतात, दात दुखायला पाहिजे असं नाही.

निकोटिनच्या गमबद्दल लोक चुकतात ते असं, की च्युइंगमसारखं भराभर चावतात. मग उचकी, मळमळ, जळजळ, आणि ‘मला सूट नाही झालं’. हळू चावायचं, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबून गालात दाबून ठेवायचं. चव गेली की परत चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते. उठल्याबरोबर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर बहुधा ४ चं लागतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

---

कुसळ

डॉक्टर, आप्पांना कवळी आहे :(

---

संत्राबर्फी

अरे देवा. मग गम नको, कवळीला चिकटतं. चघळायची गोळी किंवा दंडाला लावायचा पॅच विचारा. पॅच २१, १४, ७ मिलिग्रॅम असा उतरत्या क्रमाने येतो. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधंही आहेत, पण ती तपासूनच द्यायची असतात, इथे विचारून नाही.

---

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

मोहफूल

वरचा प्रतिसाद का उडाला ते माहीत नाही, पण ‘खेड्यातल्या लोकांना कितीही सांगा’ अशी त्याची सुरुवात वाचली होती. म्हणून लिहितो.

गडचिरोली. आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम चालू आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून उभं केलेलं. दारू आणि तंबाखू दोन्हींवर, आणि एका गावात नमुना म्हणून नाही, तर पूर्ण जिल्हाभर. माझ्या मते यातलं ‘पूर्ण जिल्हा’ हे महत्त्वाचं. एका गावात खर्रा बंद केला तर माणूस सायकल काढून पुढच्या गावात जातो.

यात चार दोऱ्या एकदम ओढतात. गावात संघटना, बहुतेक बायकांच्या, ज्या ठराव घेतात आणि दुकानदाराला जाऊन भेटतात. शाळेत मुलांबरोबर काम. पोलीस आणि प्रशासन, कारण गुटखा २०१२ पासून राज्यात बंद असला तरी बंदी आपोआप अमलात येत नाही. आणि चौथी, जी बाकी ठिकाणी विसरली जाते: ज्याला सोडायचंय त्याच्यासाठी तालुक्याच्या गावी क्लिनिक आणि गावात उपचार शिबिर. बंदी आहे आणि उपचार नाही, तर ते नुसतं छळणं झालं.

सगळं गोडगोड नाही. आमच्याकडच्या ग्रामसभांचं मोठं उत्पन्न तेंदूपत्त्याचं आहे, आणि तेंदूपत्ता म्हणजे बिडीचं पान. उन्हाळ्यात पानं तोडून मजुरी घ्यायची आणि पावसाळ्यात बिडीविरुद्ध ठराव. कुणी हसलं तर मीही हसतो. पण मे महिन्यात दुसरी मजुरी कुठे आहे तेही सांगा.

---

शेंगाचटणी

मोहफूल, तुमच्या पानाचं दुसरं टोक आमच्याकडे. सोलापूर. माझी मावशी चाळीस वर्षं बिड्या वळत होती, मांडीवर सूप घेऊन. हजार बिड्यांचा हिशोब, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. तिने आयुष्यात एक झुरका मारला नाही आणि तरी खोकते, तंबाखूच्या भुकटीने. कधी कुठल्या शिबिरात तिला ‘तंबाखूशी संबंध?’ असं विचारलं तर काय सांगणार ती?

अवांतर आहे, सोडून द्या. पण बिडी सोडवायची चर्चा निघाली की आमच्या गल्लीत एक शांतता पसरते, ती इथे नोंदवून ठेवावीशी वाटली.

---

खवचट_काका

अवांतर कसलं, हेच मुख्य. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट चाळीस टक्क्यांत टाकायचं ठरवलं आणि बिडी २८ वरून १८ वर आणायचं. कारण काय, तर मावशींचा रोजगार. म्हणजे एका हाताने आशाताईंना फॉर्म, दुसऱ्या हाताने बंडलाला सवलत. आणि कुसळताई विचारतात जोडणी कुठाय!

---

टाईनकाठ

मी न्यूकॅसलला औषधविक्रेता आहे, मूळचा कोल्हापूरचा. ‘आमच्याकडे लंडनला’ छापाचं लिहायचं नाहीये. हा भाग तसाही लंडनसारखा नाही. बंद पडलेल्या कोळसा खाणी आणि जहाजबांधणी, गरिबी बरीच, आणि एके काळी इंग्लंडात सगळ्यात जास्त सिगारेट ओढणाऱ्यांत गणती.

इथे २००५ मध्ये ‘फ्रेश’ नावाचं प्रादेशिक कार्यालय निघालं, फक्त तंबाखूसाठी. कल्पना साधी: एकेका नगरपालिकेने आपापली जाहिरात करायची, आपापलं समुपदेशन चालवायचं, त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी काही पैसे टाकायचे. टीव्हीवरची मोहीम, तस्करीची सिगारेट पकडणं, दवाखान्यांशी बोलणी हे प्रदेशाने सांभाळायचं. प्रत्यक्ष माणसाला भेटणं मात्र त्याच्या गल्लीतच, बऱ्याचदा माझ्यासारख्याच्या दुकानात.

कुसळ यांनी विचारलेली जोडणी इथे मी सगळ्यात स्पष्ट पाहिली ती गरोदर बायकांच्या बाबतीत. पहिल्या तपासणीला दाई एका नळीत फुंकर मारायला सांगते. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसतो. वर असेल तर सिगारेट सोडवणाऱ्या केंद्राकडे नाव आपोआप जातं. ‘नको’ म्हणालात तर गाळतात, पण ‘हो’ म्हणायची वाट बघत नाहीत. तुमच्या पाच रकान्यांत नेमकी हीच चूक आहे. तिथे नाव पुढे जायला माणसानेच उठून जावं लागतं.

दुकानात माझ्याकडे येणाऱ्याचा चार आठवड्यांनी परत फुंकरीचा आकडा घेतो. तो यंत्रावर उतरलेला बघून साठीच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो दहावीच्या निकालासारखा असतो.

एक फरक सांगायला हवा. इथे आता सिगारेट सोडायला व्हेपही देतात. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, तेव्हा तो रस्ता तिकडे नाही. इथल्या शाळकरी पोरांच्या हातात व्हेप बघितले की ते बरंच आहे असंही कधी कधी वाटतं.

---

चहा_सुट्टा_भूतपूर्व

फुंकरीचं यंत्र! उपकेंद्र_एक, तुमच्या समासातल्या आकड्याचा हा चुलतभाऊ.

कुसळ, एक राहिलं. आप्पांना पहिल्या आठवड्याबद्दल आधीच सांगून ठेवा. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, हात नुसते वळवळतात. दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफ आली की कायमची आल्यासारखी वाटते, पण काही मिनिटांत उतरते. तेवढ्यात पाणी, बडीशेप, अंगणात चार फेऱ्या, काहीही. काही दिवस खोकला वाढू शकतो, घाबरून ‘बिडीनेच बरं होतं’ असं ठरवू नका. पण दम वाढला किंवा कफाचा रंग बदलला तर मात्र डॉक्टर.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते: सकाळी पोट साफ न होणं. निम्मे लोक बिडीवर परत जातात ते यासाठी, असं माझं मत. काही सर्वेक्षण नाही, टपरीवरचा अभ्यास.

---

उपकेंद्र_एक

अभ्यास बरोबर आहे :) बद्धकोष्ठता हे निकोटिन सुटतानाचं लक्षणच आहे. कोमट पाणी, पालेभाजी, पेरू, रात्री इसबगोल. ‘बिडीशिवाय होत नाही’ हे माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे.

कुसळताई, तुमच्या गावच्या उपकेंद्रात आप्पांचं बीपी निघालं होतं का? निघालं असेल तर दर महिन्याच्या गोळ्यांना तिथेच जायला सांगा, मेडिकलमधून आणू नका. आणि तिथल्या ताईंना माझा समास सांगा. वरून आदेश यायची वाट बघायला नको, पेन लागतं फक्त.

---

कुसळ

उशिरा लिहितेय, क्षमस्व. सगळं वाचत होते.

आप्पांना क्विटलाइनचा फोन मी लावून दिला आणि स्पीकरवरून काढून त्यांच्या हातात दिला. पंचवीस मिनिटं बोलले. माझ्याशी ते कधी फोनवर पाच मिनिटांच्या वर बोललेले नाहीत. सगळ्यात अवघड बिडी कोणती म्हणून विचारलं तर म्हणाले, सकाळची नाही, संध्याकाळी पारावरची. तिथे बाकीचे तिघे ओढतात. हे मला माहीतच नव्हतं. मी इतके दिवस त्यांची सकाळची बिडी लपवत होते.

तारीख ठरली गुरुवारची. छातीच्या डॉक्टरांना पॅचचं विचारलं, त्यांनी लगेच लिहून दिला. आधी का नाही लिहिला, म्हटलं. “तुम्ही विचारलं नाही,” म्हणाले. असो.

पहिले चार दिवस घरात महाभारत. आईने एकदा स्वतःच बंडल आणून देते म्हणून चप्पल घातली होती. पेरू आणि इसबगोल लागू पडलं, उपकेंद्र_एक यांना आईकडून खास धन्यवाद.

बीपी निघालं होतंच. उपकेंद्रातल्या ताईंना मी समासाचं सांगितलं तेव्हा त्या जरा गोंधळल्या, मग हसल्या. आज अठरावा दिवस. काल आप्पा गोळ्या आणायला गेले आणि परवा पारावर दोन ओढल्याचं त्यांनी ताईंना स्वतःहून सांगितलं. घरी आईला नाही सांगितलं, मला तर नाहीच. मला ताईंकडूनच कळलं, तेही आप्पांची परवानगी घेऊन. त्यांनी वहीत ‘२’ लिहिलं आणि पुढच्या बुधवारी परत बोलावलंय, गोळ्या शिल्लक असल्या तरी.

पारावरच्या बाकी तिघांपैकी एकाने आप्पांना विचारलंय, तो मुंबईचा फोन फुकट असतो का.